मनगटातलं मांजर

पाऊस नुकताच ओसरला होता. पागोळ्या अजून गळत होत्या आणि माजघरात आजी कुळथाचं पिठलं घोटत होती. मी ओटीवरच्या झोपाळ्यावर बसलो होतो. धाकटी नात माझ्या डाव्या मनगटाला कान लावून बराच वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "आजोबा, तुमच्या हातात मांजर घुरघुरतंय."

थोरला नातू आठवीत आहे, त्याला सगळं ठाऊक असतं. "मांजर नाही गं. त्याला फिस्टुला म्हणतात. आजोबा डायलिसिसला जातात ना, तेव्हा तिथूनच रक्त काढतात." एवढं बोलून तो थबकला. "पण आजोबा, वरच्या आळीतल्या काकांना फिस्टुला झाला म्हणून त्यांना मुंबईला नेऊन ऑपरेशन केलं. एवढा वाईट आजार असेल, तर तुमच्या हातात डॉक्टरांनी तो मुद्दाम का केला?"

प्रश्न बिनतोड होता. मी झोपाळा थांबवला. "बसा दोघं. आज याचीच गोष्ट. पण आधी सांगा, सकाळी खालच्या खाचरात काय पाहिलंत?"

दोघांनी एकदमच सांगायला सुरुवात केली. वरच्या खाचरातलं पाणी कमी कमी होत होतं. बांध कुठे फुटलेला दिसत नव्हता. बांधाच्या खालच्या अंगाला मात्र एका भोकातून पाण्याची धार लागली होती. गड्यानं त्यावर चिखलाचा गोळा थापला. धार थांबली, सगळ्यांना बरं वाटलं. अर्ध्या तासात शेजारी दुसरीकडून पाणी झिरपायला लागलं. तेही बुजवलं, तर तिसरीकडून आलं.

"मग तुम्ही त्याला वरच्या अंगाला जायला सांगितलंत," धाकटी म्हणाली. "त्यानं पाण्यावर गवताची काडी टाकली. ती गोल गोल फिरली आणि आत ओढली गेली."

"तिथेच होतं खेकड्याच्या बिळाचं आतलं तोंड," मी म्हणालो. "तिथे गवत-चिखलाचा बोळा घालून पायानं दाबला, तेव्हा कुठे पाणी थांबलं. आता ही काडी आणि हा बांध डोळ्यांसमोर ठेवा. माझी सगळी गोष्ट त्या बांधातच आहे."

आपलं शरीर म्हणजे अशीच एकाला एक लागून असलेली खाचरं. घशातून अन्न जाणारी अन्ननलिका, तिला चिकटून पुढे हवेची श्वासनलिका. जठर, आतडी, पित्ताची पिशवी, लघवीची पिशवी, गर्भाशय, रक्ताच्या वाहिन्या. प्रत्येकात वेगळा ऐवज, आणि मधे पातळसा बांध. एकातलं दुसऱ्यात जायचं नाही, हा शरीराचा कायदा. तो बांध पोखरून दोन पोकळ्यांमध्ये, किंवा आतल्या पोकळीतून थेट बाहेरच्या कातडीपर्यंत, नको ती वाट पडली की तिला फिस्टुला म्हणतात. त्याला दोन तोंडं असतात. एकच तोंड असेल आणि वाट आत जाऊन संपत असेल, तर डॉक्टर त्याला सायनस म्हणतात. आपल्याकडे आयुर्वेदात नळीसारख्या चिघळत्या जखमेला नाडीव्रण हा जुना शब्द आहे.

"फिस्टुला हा शब्द कुठला?" थोरल्यानं विचारलं.

मी परसाकडे बोट दाखवलं. "त्या बहाव्याच्या शेंगा पाहिल्यास ना, हातभर लांब, काळ्या, नळकांड्यासारख्या? बहाव्याचं शास्त्रीय नाव कॅसिया फिस्टुला. लॅटिनमध्ये फिस्टुला म्हणजे नळी, वेळूचा पावा. शेंग नळीसारखी म्हणून झाडाला ते नाव, आणि जखम नळीसारखी म्हणून आजारालाही तेच."

या नळ्यांचे प्रकार किती, असं विचाराल तर एसटीच्या पाट्या आठवा. चिपळूण-गुहागर म्हटलं की गाडी कुठून कुठे जाते ते कळतं. डॉक्टरही फिस्टुल्याला दोन टोकांवरूनच नाव देतात. श्वासनलिका-अन्ननलिका, मूत्राशय-योनीमार्ग, आतडं-त्वचा, धमनी-शीर. टोकं कळली की आजार निम्मा कळतो. उरलेला निम्मा म्हणजे ती वाट पडली कशानं आणि बुजत का नाही.

धाकटी लगेच म्हणाली, "मला खरचटलं तर चार दिवसांत बरं होतं. मग ही वाट का नाही बुजत?"

मी तिच्या कानातल्या डुलाला हात लावला. "हे भोक का बुजलं नाही?"

ती गप्प झाली. तिचे कान सोनारानं टोचले तेव्हा ती मांडीवरचं बाळ होती. रडून रडून लालबुंद झाली होती. सोनारानं भोकात सोन्याची बारीक तार घातली. तार त्याच दिवशी काढली असती, तर भोक थोड्याच दिवसांत मिटून गेलं असतं. तार आत राहिली, म्हणून दोन्ही तोंडांकडून कातडी हळूहळू आत सरकत गेली आणि भोकाला आतून अस्तर आलं. अस्तर आल्यावर शरीर त्याला जखम मानत नाही. आता डूल काढून ठेवला तरी ते भोक सहज बुजणार नाही.

फिस्टुल्याचं असंच होतं. वाट न बुजण्याची कारणं मी मुलांना बोटांवर मोजून दाखवली. आत काही परकं अडकलेलं असेल, हाडाचा तुकडा, राहून गेलेला टाका, तर ती वाट बुजत नाही. जंतू ठाण मांडून बसले असतील, क्षयाचे किंवा साध्या पुवाचे, तर बुजत नाही. कान टोचल्यासारखं अस्तर आलं, तर बुजत नाही. कर्करोगाची गाठ तिथे असेल, किंवा त्या गाठीवर दिलेल्या किरणांनी आसपासचं मांस निर्जीव झालं असेल, तर बुजत नाही. आणि पुढची वाट तुंबलेली असेल तरीही बुजत नाही, कारण पाट पुढे अडला की पाणी बांध फोडणारच. वैद्य असो की सर्जन, आधी यातलं कारण शोधतो. ते दूर झालं की पुष्कळदा शरीर स्वतःच वाट बुजवायला घेतं.

आता काही वाटा जन्माआधीच पडतात. आईच्या पोटात बाळ चार आठवड्यांचं असतं, तेव्हा त्याची अन्नाची आणि हवेची नळी एकच असते. मग त्या नळीतून श्वासनलिका वेगळी होऊ लागते आणि दोघींच्या मधे भिंत उभी राहते. साधारण तीन ते चार हजार बाळांमागे एकाची ही भिंत नीट होत नाही. बहुतेकदा वरची अन्ननलिका पिशवीसारखी मधेच बंद होते आणि खालची थेट श्वासनलिकेला जोडलेली असते. बाळाला स्वतःची लाळ गिळता येत नाही, तोंडाला सतत फेस येतो, पहिलंच दूध पाजताना ते ठसकून निळं पडतं. नाकातोंडातून घातलेली नळी जठरापर्यंत उतरत नाही. पूर्वी अशी बाळं वाचत नसत. १९४१ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये कॅमेरॉन हाइट या सर्जननं अशा बाळाची चुकीची वाट बंद करून अन्ननलिकेची दोन टोकं एकाच शस्त्रक्रियेत जोडली, आणि ते बाळ जगलं. आज वेळेवर निदान झालं तर यातली बहुतेक बाळं वाचतात.

"माझ्या मित्राच्या कानापुढे बारीक भोक आहे, ते तेच का?" थोरल्यानं विचारलं. तेही जन्मजातच. कान घडताना राहून गेलेली छोटी खाच, एकच तोंड असलेली. तिथे पू झाला नाही, तर तिला हात लावायचं कारण नाही.

"आणि वरच्या आळीतले काका?"

काकांना भगंदर झाला होता. हे नाव काढलं की माणसं आवाज खाली करतात. मी मुद्दाम मोठ्यानं सांगितलं, कारण शरीराचा कुठलाच भाग लाजण्यासारखा नाही. गुदद्वाराच्या आत सुमारे दोन सेंटिमीटरवर बारीक ग्रंथी असतात, सहा ते दहा. त्यांचा पाझर शौचाला वंगण देतो. यातल्या एखादीचं तोंड तुंबलं की आत जंतू वाढतात, पू होतो, आणि तो वाट काढत बाहेरच्या कातडीशी येऊन गळू होऊन फुटतो. ठणका थांबतो, माणसाला वाटतं सुटलो. पण आतली ग्रंथी तशीच असते. दोन महिन्यांनी त्याच जागी पुन्हा गळू, पुन्हा पू. सकाळचा आपला गडी बाहेरचं भोक बुजवत होता ना, अगदी तसं.

सुश्रुतानं हे फार बारकाईनं पाहिलं होतं. पिकून फुटेपर्यंत पिडका, फुटल्यावर भगंदर, असा फरक त्यानं केला. बरं व्हायला अवघड अशा आठ मोठ्या आजारांत त्यानं भगंदर धरला. त्याचे पाच प्रकार सांगितले, आणि नावं अशी की चित्र डोळ्यांपुढे यावं. शतपोनक म्हणजे चाळणीसारखी अनेक भोकं असलेला. उष्ट्रग्रीव म्हणजे उंटाच्या मानेसारखा उंचावलेला. परिस्रावी म्हणजे सतत पाझरणारा. शंबुकावर्त म्हणजे शंखाच्या वेटोळ्यांसारखा फिरत गेलेला. आणि पाचवा उन्मार्गी, मांसाबरोबर गिळलेलं हाड आत रुतून झालेला. परकी वस्तू अडकली की वाट बुजत नाही, हे मघाशी बोटावर मोजलेलं कारण सुश्रुतानं केव्हाच लिहून ठेवलं होतं.

उपायही त्यानं सांगितला, क्षारसूत्र. आजही ते वापरतात. लिननच्या पक्क्या दोऱ्यावर औषधांचे एकवीस थर चढवतात. निवडुंगासारख्या दिसणाऱ्या थोराचा चीक, गणपतीच्या पत्रीत असतो त्या आघाड्याचा क्षार, आणि शेवटी हळद. हा दोरा एका तोंडातून घालून दुसऱ्यातून बाहेर काढतात आणि बांधतात. आठवड्याला दोरा बदलतात. तो वाट हळूहळू कापत पुढे सरकतो आणि मागची जखम भरत येते. मळ अडवून धरणारा स्नायू तिथे वर्तुळासारखा असतो. तो एकदम कापला, तर माणसाला शौचावर ताबा राहत नाही. म्हणून ही सावकाशी. बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. पी. जे. देशपांडे यांनी १९६०च्या दशकात या दोऱ्याचा नव्यानं अभ्यास केला आणि तो पुन्हा दवाखान्यांत आला. आजचे सर्जन आधी एमआरआय काढून वाटेचा नकाशा करतात. शस्त्रक्रियेत बाहेरच्या तोंडातून रंगीत औषध सोडतात आणि आत ते कुठे उमटतं ते पाहतात. आपण पाण्यावर टाकलेली काडी ती हीच.

"राजाला झाला असता तर?" धाकटीनं विचारलं. तिच्या गोष्टीत राजा लागतोच.

झाला होता. फ्रान्सचा चौदावा लुई, युरोपातला सर्वांत मोठा राजा. १६८६ साली त्याला भगंदर झाला. लेप झाले, सगळं झालं, गुण येईना. तेव्हा शार्ल-फ्रान्स्वा फेलिक्स या त्याच्या सर्जननं शस्त्रक्रिया ठरवली. पण राजाच्या अंगाला शस्त्र लावायचं म्हणजे हात बसलेला हवा. म्हणून तो कित्येक महिने पॅरिसच्या इस्पितळांतल्या गरीब रोग्यांवर सराव करत राहिला. खास वाकडी सुरी बनवून घेतली. १८ नोव्हेंबर १६८६ला व्हर्सायच्या महालात शस्त्रक्रिया झाली. भूल देणं तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. अठ्ठेचाळीस वर्षांच्या राजानं ते सगळं सोसलं आणि तो बरा झाला. तोवर तिथे सर्जनची गणती न्हाव्याबरोबर होई, त्यानंतर त्यांचा मान वाढला. राजा बरा झाल्याच्या आनंदात जानेवारी १६८७मध्ये दरबारी संगीतकार ल्युली याच्या स्तोत्राचा कार्यक्रम झाला. तेव्हा ताल देण्यासाठी जड काठी जमिनीवर आपटत. ती त्याच्या पायाच्या बोटावर बसली, जखम सडली आणि मार्चमध्ये तो गेला. राजाची जखम भरली, संगीतकाराची भरली नाही. जंतूंची ओळख दोघांच्याही वैद्यांना नव्हती.

पण मला यात राजापेक्षा ते गरीब रोगी जास्त आठवतात. त्यांची नावंसुद्धा कुणी लिहून ठेवली नाहीत.

पोटातल्या वाटांबद्दल मी थोडक्यात सांगितलं. आतड्याचा क्षय आणि क्रोन नावाचा आतड्याचा दाह, दोन्ही आतड्याची भिंत पोखरून शेजारच्या आतड्यात किंवा लघवीच्या पिशवीत वाट पाडतात. मग लघवीतून हवेचे बुडबुडे येतात. पित्ताशयातला मोठा खडा कधीकधी भिंत झिजवून थेट आतड्यात उतरतो आणि पुढे अरुंद जागी अडकून बसतो. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर टाका सुटला, तर आतड्यातला रस जखमेतून कातडीवर येतो. आजच्या इस्पितळांत आतडं-त्वचा फिस्टुल्याचं हे नेहमीचं कारण आहे.

यातलीच एक वाट मात्र सगळ्या जगाची खिडकी झाली. ६ जून १८२२. अमेरिकेत ह्यूरॉन सरोवरातल्या मॅकिनॅक बेटावर कातड्यांच्या व्यापाऱ्याचं दुकान होतं. तिथे अगदी जवळून बंदुकीचा बार उडाला आणि अॅलेक्सी सेंट मार्टिन या तरुण हमालाच्या डाव्या कुशीत घुसला. लष्करी डॉक्टर विल्यम ब्यूमाँट धावत आला. हा दीड दिवस जगणार नाही, असं त्याला वाटलं. सेंट मार्टिन जगला, पण त्याचं जठर कातडीला चिकटून तिथे एक कायमचं भोक राहिलं. पुढे आतून झडपेसारखी एक घडी तयार झाली. ती बोटानं सारली की जठर उघडं दिसे.

अन्न जठरात घुसळलं जातं की सडतं की शिजतं, यावर तेव्हा विद्वानांचे वाद चालत. ब्यूमाँटला ते डोळ्यांनी पाहता आलं. १ ऑगस्ट १८२५ला दुपारी बारा वाजता त्यानं रेशमी दोऱ्याला मांसाचे वेगवेगळे तुकडे, शिळा पाव आणि कच्चा कोबी बांधून तो त्या भोकातून आत सोडला. तासाभरानं ओढून पाहिला. पाव आणि कोबी निम्मे विरले होते, मांस जसंच्या तसं. दोन वाजता पाहिलं तर उकडलेलं मांसही दोऱ्यावरून नाहीसं झालं होतं. त्यानं जठरातला रस बाटलीत काढून शरीराइतकाच गरम ठेवला आणि त्यात मांस टाकलं, तर ते बाटलीतही विरलं. पचन ही रसाची करणी आहे, हे सिद्ध झालं. सेंट मार्टिन चिडला की पचन मंदावतं, हेही त्यानं नोंदलं. २३८ निरीक्षणांचं त्याचं पुस्तक १८३३ साली आलं. सेंट मार्टिन त्या जखमेनंतर अठ्ठावन्न वर्षं जगला आणि १८८०मध्ये वारला. त्याच्या देहाची आणखी चिरफाड होऊ नये म्हणून घरच्यांनी त्याला खूप खोल पुरलं. पुढे रशियात पावलॉवनं कुत्र्यांच्या जठराला मुद्दाम अशा खिडक्या करून पचनाचा अभ्यास केला आणि १९०४मध्ये त्याला नोबेल मिळालं.

आजी दारात येऊन उभी होती. मी आता कुठल्या वाटेवर येणार हे तिला कळलं होतं. तिनं धाकटीला मांडीवर घेतलं, उठवलं नाही. मुलींना हे कळायलाच हवं, असं तिचं मत आहे.

सुश्रुताच्या त्या आठ मोठ्या आजारांच्या यादीत भगंदराबरोबर मूढगर्भही आहे. मूढगर्भ म्हणजे पोटात अडलेलं मूल. बाई अडली आणि मदत मिळाली नाही, तर कळा दोन-दोन, तीन-तीन दिवस चालतात. बाळाचं डोकं आईच्या कमरेच्या हाडात अडकून बसतं. डोकं आणि हाड यांच्यामध्ये लघवीची पिशवी आणि योनीमार्ग चेंगरले जातात. तिथलं रक्त थांबतं. रक्त थांबलं की मांस मरतं. बाळ बहुतेकदा मेलेलंच जन्मतं. काही दिवसांनी ते मेलेलं मांस गळून पडतं आणि तिथे भोक उरतं. मग लघवी थांबत नाही. दिवसरात्र थेंब थेंब गळत राहते. अंगाला वास येतो. नवरा टाकतो, घरचे वेगळं बसवतात. वयात येते न येते तोच जिचं लग्न झालं आणि हाडं पुरती वाढण्याआधी जी गरोदर राहिली, तिला हा धोका सर्वांत जास्त. चार हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तमधल्या हेन्हेनित या राणीच्या ममीतही हे भोक सापडलं आहे. दुखणं तेव्हापासूनचं आहे.

ते शिवायची रीत कुठून आली, तेही ऐका. १८४५ ते १८४९, अमेरिकेतलं अलाबामा. मॅरियन सिम्स नावाच्या डॉक्टरनं गुलाम बायकांवर प्रयोग केले. त्यांतल्या तिघींची नावं आपल्याला ठाऊक आहेत. अनार्का, बेट्सी आणि लुसी. त्या गुलाम होत्या, त्यांना नाही म्हणायची मुभा नव्हती. भूल दिली नाही. एकट्या अनार्कावर तीस शस्त्रक्रिया झाल्या. शेवटी चांदीच्या तारेचे टाके टिकले आणि भोक मिटलं. सिम्सचे पुतळे उभे राहिले. २०१८मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कातला पुतळा हलवला गेला, आणि २०२१मध्ये त्या तिघींचं स्मारक अलाबामातच माँटगोमेरी गावी उभं राहिलं. उशीर फार झाला, पण झालं ते योग्य झालं.

याच आजाराची दुसरी गोष्टही आहे. १९५९ साली कॅथरीन आणि रेजिनाल्ड हॅम्लिन हे डॉक्टर जोडपं तीन वर्षांसाठी इथिओपियाला गेलं आणि तिथलंच झालं. १९७४मध्ये त्यांनी अदिस अबाबाला केवळ या बायकांसाठी इस्पितळ उघडलं. कॅथरीनबाई २०२० साली वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी गेल्या. तोवर तिथे साठ हजारांहून अधिक बायका उपचार घेऊन गेल्या होत्या. या जोडप्यानं बऱ्या केलेल्यांतलीच एक मामितू गाशे. अडलेल्या बाळंतपणानंतर रोगी म्हणून आली, तेव्हा तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. बरी झाल्यावर ती इस्पितळातच राहिली. आधी खाटा आवरल्या, मग शस्त्रक्रियेत हाताखाली उभी राहिली, मग स्वतः शिवायला लागली. पुढे परदेशातून आलेले डॉक्टर तिच्याकडून हे कसब शिकत.

आपल्याकडे बायका दवाखान्यात बाळंत होऊ लागल्यापासून हा आजार पुष्कळ ओसरला. आता गर्भाशय काढताना किंवा अवघड सिझेरियनमध्ये पिशवीला इजा होऊनही अशी वाट पडते. लवकर कळलं तर लहान भोक काही आठवडे लघवीची नळी ठेवूनसुद्धा मिटतं. पण बाईनं सांगायला हवं. २३ मे हा दिवस संयुक्त राष्ट्रांनी २०१३पासून या आजाराच्या निर्मूलनासाठी ठेवला आहे.

धाकटी गप्प होती. मग तिनं पुन्हा माझं मनगट धरलं. "आणि हे मांजर?"

हृदयाकडून येणारी धमनी आणि हृदयाकडे परत जाणारी शीर, यांच्यामध्ये केसांहून बारीक वाहिन्यांचं जाळं असतं. धमनीत जोर फार, शिरेत अगदी मंद. ते जाळं चुकवून दोन्ही थेट जोडल्या गेल्या, की जोरातलं रक्त मऊ शिरेत धो धो शिरतं आणि शीर थरथरते. पूर्वी रक्त काढायला शीर टोचताना सुरी चुकून पलीकडच्या धमनीत जाई आणि असा फिस्टुला होई. १७५७मध्ये विल्यम हंटर या स्कॉटिश वैद्यानं ही थरथर आणि हा आवाज वर्णन करून ठेवला. तेव्हा ती दुखापत होती.

मूत्रपिंडं थकली की यंत्रानं रक्त गाळावं लागतं, मिनिटाला साधारण तीनशे मिलिलिटर, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. साधी शीर एवढं रक्त देत नाही आणि दर वेळी धमनी टोचणं धोक्याचं. १९६०मध्ये हातावर बाहेरून प्लास्टिकची नळी बसवायची युक्ती निघाली, पण तिच्यात रक्त गोठे, जागा पिके. मग न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या इस्पितळात जेम्स सिमिनो आणि मायकल ब्रेशिया या डॉक्टरांना सुचलं की जी दुखापत म्हणून होते, तीच आपण मनगटात बेतून करावी. केनेथ अॅपेल या सर्जननं १९६५मध्ये पहिली जोडणी केली आणि १९६६मध्ये त्यांनी ती जगाला सांगितली. माझ्या हातात जी आहे, ती तीच.

शस्त्रक्रियेला तासभर लागला. नंतर दीड-दोन महिने वाट पाहिली. धमनीच्या जोरानं शीर रुंद आणि जाड होत गेली, तेव्हा कुठे सुया झेपायला लागल्या. या हातानं मी घागर उचलत नाही. या हातावर रक्तदाब मोजू देत नाही. रोज सकाळी चहाच्या आधी दोन बोटं ठेवून मांजर जागं आहे ना ते पाहतो. ज्या दिवशी ते गप्प होईल, त्या दिवशी संध्याकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठायचं.

"म्हणजे वाट वाईट नाही," थोरला म्हणाला. "कुठून कुठे जाते त्यावर आहे."

"आणि कुणी, कशासाठी पाडली त्यावरही," मी म्हणालो. पाटाचं पाणी वळवायला आपण बांधात मोरी ठेवतोच की.

पिठलं झालं होतं. मुलं पानावर बसली. मी मात्र हे तुमच्यासाठी लिहून ठेवतोय. एकाच जागी पुन्हा पुन्हा गळू येत असेल, बाळंतपणानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर लघवी गळत असेल, लघवीतून हवा येत असेल, तान्ह्या बाळाच्या तोंडाला सारखा फेस येऊन ते ठसकत असेल, तर लेप लावत, कापडाच्या घड्या बदलत आणि कुणाला कळू नये म्हणून कोपऱ्यात बसून राहू नका. घरातल्या बाईला तसं बसू देऊ नका. बाहेरचं तोंड झाकून आजवर कुणाचा बांध टिकलेला नाही. डॉक्टरांकडे जा, काय होतंय ते नाव घेऊन सांगा, आणि आतलं तोंड शोधून घ्या.